स्लाव्ह नाहीत ते सगळे कोण?

प्रश्न: सर नमस्कार, माझा भाचा रशियात एमबीबीएस करतोय, सुट्टीत आला होता तर म्हणत होता की रशियन, पोलिश, सर्ब हे स्लाव्ह आणि बाकीचे सगळे युरोपियन. मग जे स्लाव्ह नाहीत त्या सगळ्यांना मिळून एखादा शब्द आहे का, आपल्याकडे आर्य-द्रविड म्हणतात तसा? आणि हंगेरीवाले कशात येतात?
(एक वाचक, मनीषनगर, नागपूर)

उत्तर: ताई, असा एक शब्द नाहीये. आणि रशियनही युरोपियनच, हे भाच्याला आधी सांगा. स्लाव्हिक ही इंडो-युरोपियन भाषाकुळाची (आपली मराठीही त्यातलीच) एक शाखा, तिच्यासारख्याच जर्मॅनिक (जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश), लॅटिनमधून निघालेली रोमान्स (इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, रोमानियन), केल्टिक (वेल्श), बाल्टिक (लिथुआनियन), शिवाय ग्रीक आणि अल्बेनियन आपापल्या वेगळ्या. त्यामुळे समोर कोण आहे त्यावर शब्द ठरतो, पोलिश आणि जर्मन म्हणाल तर स्लाव्हिक-जर्मॅनिक, बल्गेरियन आणि रोमानियन म्हणाल तर स्लाव्हिक-रोमान्स. बरेच जण सरळ "वेस्टर्न युरोपियन" म्हणून मोकळे होतात, पण नकाशा काढून बघा, चेक या स्लाव्ह लोकांचं प्राग हे जर्मन बोलणाऱ्या व्हिएन्नाच्या पश्चिमेला आहे.

हंगेरियन यातल्या कशातच नाही, ती उरालिक या वेगळ्याच कुळातली, फिनिश आणि एस्टोनियनची नातेवाईक, आणि चारी बाजूंनी स्लाव्हिक, जर्मन, रोमानियन. आपल्या विदर्भात हे समजायला सोपं जातं, मराठी-हिंदीच्या मधोमध गोंडी बोलतात ती द्रविड, तेलुगूच्या कुळातली (नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच होता), मेळघाटातली कोरकू मुंडा म्हणजे संथालीकडची, आणि जळगाव जामोदकडच्या निहालीचं तर कुणाशीच नातं लागत नाही, युरोपात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेचं तसंच आहे.

आता तुम्ही विचारताय तसा एक शब्द जुन्या स्लाव्ह लोकांकडे होता खरा. "नेमेत्स", मूळ अर्थ मुका, म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो. पुढे तो फक्त जर्मनांना चिकटला, रशियनमध्ये जर्मन माणूस आजही नेमेत्स, पोलिशमध्ये जर्मनीचं नावच न्येम्त्सी, हंगेरियननेही नेमेत घेतला आणि अरबीत ऑस्ट्रियाला नमसा म्हणतात तेही तिथूनच. याच्या उलट "स्लाव्ह" हे नाव बरेच भाषातज्ज्ञ "स्लोवो" म्हणजे शब्द याच्याशी जोडतात, आणि हा स्लोवो नि आपल्या संस्कृतातला श्रवस् एकाच धातूतले. जर्मनांनीही हेच केलं, शेजारच्या स्लाव्हांना वेंड म्हटलं आणि केल्ट, रोमन लोकांना वाल्ह, त्या वाल्हचेच वेल्स, वालोनिया (बेल्जियममधला), वालाकिया (रोमानियातला) झाले.

पण ताई, एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ही सगळी नावं भाषेची आहेत, रक्ताची नाहीत. बल्गेरियाचंच बघा, ज्या बल्गारांवरून नाव पडलं ते तुर्किक कुळातली भाषा बोलणारे, नंतर तिथल्या स्लाव्हांत मिसळले आणि आज बल्गेरियन ही पक्की स्लाव्हिक भाषा आहे. जर्मनीतल्या लाइपझिगचं नाव स्लाव्हिक, लिपा म्हणजे लिंडेनचं झाड, त्या भागातले कितीतरी स्लाव्ह हळूहळू जर्मन बोलायला लागले आणि जर्मनच झाले, बाउत्सेनच्या आसपास मात्र सोर्बियन ही स्लाव्हिक भाषा अजून टिकून आहे. तरीपण नाझींनी जर्मॅनिक रक्त श्रेष्ठ आणि स्लाव्ह हलके असं ठरवून पोलंड आणि सोव्हिएत भूमीवर लाखो माणसं मारली. आर्य-द्रविडचंही तेच, मॅक्स म्युलरने १८८८ मध्येच बजावलं होतं की आर्य हा भाषेचा शब्द आहे, वंशाला लावू नका. भाच्याला हे नक्की सांगा.

प्रश्न: सर मी सेटची तयारी करतेय, शतम् आणि केंतुम् गटात स्लाव्हिक भाषा आपल्याकडच्या शतम् गटात येतात, म्हणजे त्या आपल्याला जर्मनपेक्षा जवळच्या का?
(विद्यार्थिनी, महाल, नागपूर)

उत्तर: त्या एका उच्चारापुरत्या हो. ही दोन नावं शंभर या शब्दावरून पडली, काही भाषांत त्याची सुरुवात स-श ने होते, काहींत क ने. संस्कृत शतम्, आपल्या दोनशे-तीनशेतला शे, रशियन स्तो, लिथुआनियन शिम्तास हे एकीकडे, आणि लॅटिन केंतुम्, वेल्श कांत दुसरीकडे, इंग्रजी हंड्रेडमधला ह हा मुळात क होता म्हणून तोही तिकडेच. पण एका ध्वनिबदलावरून सख्खं नातं ठरत नाही, आर्मेनियनपण शतम् गटातलीच आहे. आधी अभ्यासकांना वाटायचं की पूर्वेच्या भाषा शतम् आणि पश्चिमेच्या केंतुम्, मग चीनच्या शिनजियांगमध्ये जुन्या पोथ्या सापडल्या, १९०८ मध्ये जर्मन अभ्यासकांनी त्यातली तोखारी भाषा इंडो-युरोपियन असल्याचं दाखवलं, आणि एवढ्या पूर्वेला असून तिच्यात शंभराला कांते निघालं, म्हणजे केंतुम् गट. परीक्षेत पूर्व-पश्चिम असं लिहू नका, तोखारीचं उदाहरण द्या.