जुने फोटो आणि आधी गाठायची माणसं

जुन्या फोटोंवरून घराची वंशावळ जुळवायची असेल, तर स्कॅनिंगची घाई करू नका. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जा. फोटो आणखी काही वर्षं टिकतील, आजीची आठवण टिकेलच असं नाही. दुपारच्या चहानंतर एका वेळी चार-पाचच फोटो समोर ठेवा. नुसतं "हे कोण?" न विचारता "हा वाडा कुठल्या पेठेतला? मुंज कुणाची?" असं विचारा, नावं मागोमाग येतात. परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा.

बायकांची नावं मात्र नेटाने विचारा. लग्नात नाव बदललेलं, घरात हाक तिसरीच, त्यामुळे शेवटी 'माई' किंवा 'काकू' एवढंच उरतं. माहेरचं नाव, आडनाव, गाव लिहून घ्या. जुन्या कुलवृत्तांतांत, म्हणजे घराण्यांच्या लिहिलेल्या इतिहासांत, मुलींची शाखा बहुधा लग्नापाशी थांबते. मला ते फार खुपतं. तुमच्या वंशावळीत ती पुढे जाऊ दे.

फोटोमागे शाईने लिहू नका, मऊ पेन्सिलने कडेला हलकेच लिहा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, पानासकटच ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. फोटोच्या पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्काही स्कॅनमध्ये घ्या.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांतलं सामान गेलं, त्यात फोटोही. तुमच्याकडे त्याआधीचं काही नसेल, तर आत्यांच्या सासरी आणि बाहेरगावी गेलेल्या चुलत घरांत विचारा. लग्नाच्या ग्रुपफोटोची दुसरी प्रत तिथे असू शकते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या (तिथल्या परंपरागत पुरोहितांच्या) वह्यांतही पिढ्यांची नावं सापडतात. ती आजीच्या सांगण्याशी ताडून पाहा.