टोमॅटोवरचा निमॅटोड: ‘जीनवालं’ बियाणं घेऊ नका

प्रश्न (दिंडोरी): टोमॅटोच्या मुळांना गाठी आहेत, झाडं दुपारी माना टाकतात. दुकानदार म्हणतो, जीन बदललेलं बियाणं आलंय, निमॅटोड (मुळांत गाठी करणारी सूक्ष्म कृमी) लागतच नाही. घ्यावं का? तोवर दाणेदार औषध किती टाकू?

उत्तर: भाऊ, असं बियाणं बाजारात नाही. पैसे देऊ नका. आपल्याकडे शेतकरी लावतो ते जनुक बदललेलं पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. तोही बोंडअळीसाठी, मुळातल्या निमॅटोडशी त्याचा संबंध नाही. संशोधन चालू आहे. झाडानेच असा आरएनए (जनुकाचा निरोप वाहणारा रेणू) तयार करायचा, की मूळ शोषताना तो निमॅटोडच्या पोटात जाऊन त्याचं कामाचं जनुक बंद पाडेल. २००६ साली अमेरिकेत हे अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपावर करून दाखवलं. तुमच्या प्लॉटपर्यंत ते आलेलं नाही.

दुकानदाराच्या हातात बहुधा निमॅटोडला प्रतिकार करणाऱ्या ‘एमआय’ जनुकाचा संकरित वाण असेल. हे जनुक रानटी टोमॅटोतून संकर करून आणलेलं, वाण चांगला. पण जमीन २८ अंश सेल्सिअसच्या वर तापली की प्रतिकार ढिला पडतो. खरिपाला लावा, उन्हाळी लागवडीला त्याच्यावर विसंबू नका.

आता दाणेदार औषध. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर २०२० अखेरपासून बंदी आहे; कोणी जुना माल काढून दिला तर परत करा. आणि गाठी दिसल्यावर औषध ओतायचं नाही! झालेली गाठ कशानेही विरघळत नाही. शिफारशीचं निमॅटोडनाशक लागवडीच्या वेळी, लेबलवर तुमच्या पिकाचं नाव असेल तरच, आणि लेबलवर आहे तेवढंच. ‘एकरी अजून एक पिशवी टाका’ हे दुकानदाराचं गणित आहे, पिकाचं नाही. फळांचा तोडा सुरू असताना तर मुळीच नको, औषधाचा अंश फळात उतरतो.

माझं ऐकाल तर हा प्लॉट संपला की मुळं उपटून जाळा, एप्रिल-मेमध्ये जमीन ओलवून पारदर्शक पॉलिथिनखाली चार-सहा आठवडे तापवा आणि पावसाळ्यात अख्ख्या प्लॉटमध्ये झेंडू घ्या. बांधाला दोन ओळी लावून भागत नाही. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं निमॅटोड मारतात, दसरा-दिवाळीला फुलांचे पैसेही होतात. त्यावर वांगी, मिरची, भेंडी लगेच नको. पुढची रोपं घेताना ट्रेमधलं एक रोप काढा, मुळं पाण्यात धुऊन बघा. मोहरीएवढी गाठ दिसली तरी सगळा लॉट नाकारा.

मुळांसकट ओली माती पिशवीत बांधून राहुरी कृषी विद्यापीठात तपासायला द्या, उन्हात ठेवू नका.