‘अक्षर’ आणि तेंगवार लिपी
‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन याने आपल्या कल्पित भाषांसाठी रचलेल्या तेंगवार लिपीला ‘अक्षरलिपी’ म्हणावे का, असा एका वाचकाचा प्रश्न आहे. त्याच प्रश्नात ‘या लिपीत २४ मुख्य अक्षरे आहेत’ असे वाक्य आले आहे आणि ते मला ‘इंग्रजीत २६ अक्षरे असतात’ या रोज कानांवर पडणाऱ्या वाक्याइतकेच खटकते. ती वर्णांची, म्हणजे सुट्या ध्वनींची चिन्हे आहेत, अक्षरे नव्हेत. ‘सव्यञ्जनः सानुस्वारः शुद्धो वापि स्वरोऽक्षरम्’ असे ऋक्प्रातिशाख्य हा ऋग्वेदाच्या उच्चारशास्त्राचा प्राचीन ग्रंथ स्पष्ट सांगतो: व्यंजनासह, अनुस्वारासह किंवा अगदी एकटा असलेला स्वर म्हणजे अक्षर.

‘न क्षरति’ ही व्युत्पत्ती सर्वांना पाठ असते, म्हणून ती सोडतो. पतंजलीने महाभाष्यात तिला लागूनच दुसरी दिली आहे: ‘अश्नोतेर्वा सरोऽक्षरम्’, म्हणजे व्यापणे या अर्थाच्या अश् धातूला ‘सर’ प्रत्यय लागून झालेला शब्द. अभ्यासक पहिलीलाच मान देतात. मला तो निवाडा मुळीच पटत नाही. ‘नाश न पावणारे’ हे वर्णन ब्रह्मालाही लागू पडते, त्यावरून उच्चाराचा घटक ओळखता येत नाही. आजूबाजूच्या व्यंजनांना व्यापून राहणारा स्वर हे मात्र अक्षराच्या घडणीचेच वर्णन आहे. पूर्वसूत्रांत, म्हणजे आधीच्या वैयाकरणांच्या सूत्रांत, वर्णालाही अक्षर म्हणत, असे पतंजली तिथेच नोंदवतो, हे खरे. पण ती जुन्या परिभाषेची नोंद आहे, आजच्या ढिलाईला दिलेली परवानगी नव्हे.

तेंगवारमध्ये स्वर कोणत्या बाजूचे व्यंजन व्यापतो, हे भाषेगणिक बदलते. टॉल्किनच्या क्वेन्या या भाषेतील बहुतेक शब्द स्वरान्त असल्यामुळे स्वरचिन्ह आधीच्या व्यंजनावर बसते, आपल्या मात्रेसारखेच. त्याच्याच सिंदारिन या दुसऱ्या भाषेतील बहुतेक शब्द व्यंजनान्त, म्हणून तिथे ते पुढच्या व्यंजनावर जाते. ‘मेल्लोन्’ (मित्र) हा शब्द या पद्धतीने लिहिताना म् एकटा राहतो, ए ‘ल्ल’वर चढतो आणि ओ ‘न्’वर, उच्चारातील अक्षरे मेल् आणि लोन् अशी असताना लेखनातील गट म्, एल्ल्, ओन् असे पडतात. आपणही सत् आणि य असे उच्चारून स आणि त्य असे लिहितो, पण आपल्या लिखित गटाच्या शेवटी स्वर असतो, सिंदारिनच्या आरंभी. हवे त्या जागी व्यंजनच नसेल, तर स्वरचिन्ह एका उभ्या आधारचिन्हावर ठेवतात. सावरकरांच्या अि, अी, अु या लेखनात ‘अ’ हेच काम करतो.

तेंगवारला सरसकट ‘अबुगिडा’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. लिपींचे अभ्यासक पीटर डॅनियल्स यांनी १९९० मध्ये रूढ केलेल्या या संज्ञेत व्यंजनचिन्हातच एक ठरावीक स्वर अंगभूत असावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम ब्राइट यांच्या ‘अल्फासिलॅबरी’ला ती अट नाही, स्वरचिन्ह व्यंजनाला जोडलेले असले की पुरे, म्हणून तीच संज्ञा इथे बसते. क्वेन्यात अ इतका वारंवार येतो की त्याचे चिन्ह पुष्कळदा गाळतात, हा आक्षेप मला माहीत आहे. ‘कल्म’ (दिवा, अन्त्य अ पूर्ण उच्चारून) हा शब्द तेव्हा क्, ल्, म् एवढाच लिहिला जातो. तो नीट वाचता येतो, कारण क्वेन्यात कोणताही शब्द ‘क्ल’ने सुरू होत नाही, ‘म्’ने संपत नाही आणि ‘कलम’ असा शब्द त्या भाषेत नाही. म्हणजे तो अ चिन्हात अंगभूत नसतो, वाचक तो भाषेच्या ओळखीने भरतो.