उरलेलं मटण आणि बोर्दोची बाटली

प्रश्न : रविवारी ओव्हनमध्ये बोकडाची मांडी भाजली. अर्धा किलो उरलं, ते सोमवारी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या रेड वाईनबरोबर खाल्लं. आदल्या दिवशी झकास लागलेली तीच वाईन, नवी बाटली उघडूनही, कडू लागली. असं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : वाईन बहुधा ठीकच होती, बिघडलं ते मटण. तुम्ही कडू म्हणता ती चव खरं तर तुरट असावी. कोऱ्या चहासारखी जीभ ओढते ना? ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून वाईनमध्ये उतरणारा तुरट घटक. ताज्या रोस्टमधला रस, चरबी आणि मीठ त्याला आवरतात. मायक्रोवेव्हमध्ये रस निघून जातो, काप चिवट होतात आणि टॅनिनच्या तावडीत फक्त तुमची लाळ उरते. इंग्रजांच्या रोस्ट बीफ आणि क्लॅरेटच्या (बोर्दोच्या रेड वाईनचं इंग्रजी नाव) जोडीत चरबी भरपूर असते. आपला बोकड मुळातच कोरडा.

म्हणून मटण थंड असतानाच, धाग्याला आडवे, 3-4 मिलिमीटरचे काप करा. हाडं उकळून अर्धी वाटी आळणी काढा. पसरट भांड्यात ती तापवून चमचाभर लोणी घाला, काप पसरा, झाकण ठेवा. मंद आचेवर 4-5 मिनिटांत काप वाफाळले की उतरवा. खळखळून उकळलंत तर पुन्हा तेच चामडं. मीठ वरून, चिमूटभर जास्तच. कांदा-लसूण मसाला किंवा ठेचा मात्र नको. 13-14 टक्के अल्कोहोल आणि टॅनिन मिळून तिखट भडकवतात. ठेचा हवाच असेल तर बिअर घ्या, बोर्दो वाया घालवू नका.

‘रेड वाईन रूम टेंपरेचरला’ हा सल्ला थंड युरोपातल्या घरांचा. पुण्यात एप्रिलमध्ये घरातली बाटली 30 अंशांवर असते आणि मग नाकात नुसतं अल्कोहोल जातं. तास-दीड तास फ्रीजमध्ये किंवा दहाएक मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा. 16-18 अंश पुरे. त्याहून गार केलीत तर तुरटपणा वाढतो.

प्रश्न : अशा मटणासाठी कोणती बोर्दो घ्यावी?

उत्तर : सां-तेमिलियों किंवा पोमरोल या बोर्दोतल्या भागांतली. तिथे मर्लो द्राक्षाचा भर असतो, वाईन मऊ लागते. बोर्दोतल्याच मेदोक भागात काबर्ने सोव्हिन्यों हे जास्त टॅनिनचं द्राक्ष अधिक, ती वाईन ताज्या रोस्टसाठी राखा. कोवळी वाईन तासभर आधी काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.