मैदा काढला, पण चॉकलेटमधली साखर?

यजमानांना मधुमेह आहे. बिनमैद्याचा चॉकलेट केक त्यांना बिनधास्त देता येईल ना? – एक वाचक, दादर

बिनधास्त नाही, ताई. मैदा गेला तरी साखर उरतेच. वरून घातलेली आपण मोजतो, चॉकलेटमधली मात्र विसरतो. ७० टक्के कोकोच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, ८५ टक्क्यांच्यात जवळपास निम्मी. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला केकचं सामान घ्यायला गेलात, तर स्वस्त पडतं म्हणून कंपाउंड चॉकलेट उचलू नका. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं आणि घटकांच्या यादीत बहुधा साखरच पहिली. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे सर्वांत जास्त तीच.

माझं प्रमाण असं: ७० टक्क्यांचं चॉकलेट २०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १५० ग्रॅम, अंडी ५, कोको पावडर २५ ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, चमचाभर इन्स्टंट कॉफी. २० सेंटिमीटरच्या भांड्यात केलेल्या केकचे १२ तुकडे करा, म्हणजे तुकड्यामागे साधारण १० ग्रॅम साखर पडते. चॉकलेट-बटर वितळवून कोमट होऊ द्या, त्यात कोको आणि कॉफी ढवळा. अंडी आणि साखर फिकट होऊन तिप्पट फुगेपर्यंत फेटा, मग दोन्ही अलगद एकत्र करा. ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर अर्धा तास, फार तर ३५ मिनिटं. कडा धरलेल्या आणि मधला भाग खरवसासारखा थरथरता असताना बाहेर काढा. निवताना केक मधोमध बसतो. बिघडला असं समजू नका, पिठाचा आधार नसल्याने तो बसणारच. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलात तर चव खूपच खुलते.

साखरेऐवजी एरिथ्रिटॉल घातलं. दुसऱ्या दिवशी केक कचकचीत लागला आणि तोंडात गारवा आला. – पार्ले

दोन्ही त्याचेच गुण. एरिथ्रिटॉल हे साखरेला पर्याय म्हणून वापरायचं गोडक, ते पाण्यात साखरेपेक्षा कमी विरघळतं, त्यामुळे गारठ्यात त्याचे पुन्हा खडे होतात. मिक्सरमध्ये अगदी बारीक करा, अर्धं ते आणि अर्धी साखर घ्या, खाण्याआधी केक तासभर बाहेर ठेवा. गोडी साखरेच्या सुमारे ७० टक्केच असते, पण तेवढ्यासाठी मापं वाढवत बसू नका. ‘शुगर-फ्री’ चॉकलेट घेताना त्यात माल्टिटॉल हे दुसरं गोडक आहे का ते जरूर बघा. त्याने रक्तातली साखर वाढते आणि जास्त खाल्लं तर पोटही बिघडतं. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात रक्तातल्या एरिथ्रिटॉलचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला होता. त्यातून कारण सिद्ध होत नाही, तरी हृदयरोग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोज खाऊ नये असं मला वाटतं.

पावसाळ्यात चॉकलेट वितळवताना गोळा झाला. हवा दमट म्हणून का? – गिरगाव

हवेपेक्षा वाफेचा संशय घ्या. थेंबभर पाणी पडलं की चॉकलेटमधली साखर चिकट होऊन सगळं आवळून धरते. वाटीवर झाकण ठेवू नका, खालचं पाणी वाटीच्या बुडाला लागू देऊ नका, सुरी आणि चमचा कोरडे पुसून घ्या. गोळा झालाच तर फेकू नका हो, एवढं महाग चॉकलेट! चमचा-चमचा कढत पाणी घालून घोटत राहा, पुन्हा गुळगुळीत होतं. या केकमध्ये तेवढं पाणी खपून जातं.

श्रावणात अंडं चालत नाही. अळशी घालू का? – गोरेगाव

नको. इथे केक उभा राहतो तो अंड्यातल्या प्रथिनांवर. अळशी भिजवून बुळबुळीतपणा येईल, पण केक धरणार नाही. त्यापेक्षा दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग गरम क्रीम एकजीव करून, भाजलेल्या बदामाच्या जाडसर कुटाच्या थरावर ओता आणि फ्रिजमध्ये वड्या पाडा. वड्या लहानच ठेवा.

आईला इन्सुलिन चालू आहे. साखर एकदम उतरली तर याच केकचा तुकडा द्यावा का? – बोरिवली

कधीही नाही. केकमधल्या बटरमुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते आणि त्या वेळी वाट बघायला सवड नसते. आई शुद्धीवर असतील आणि गिळू शकत असतील तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.