वॉर्ड सोडून कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये जाताना

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सर्जिकल वॉर्डला सहा वर्षं झाली, नाइट आता झेपत नाहीत, एका क्लिनिकने ‘दोन दिवसांचा बोटॉक्स-फिलरचा कोर्स करून या आणि लगेच रुजू व्हा’ असं सांगितलंय, आणि घरचे म्हणतायत की एवढं नर्सिंग शिकून शेवटी लोकांच्या सुरकुत्या घालवत बसणार का. तू ताई म्हणून विचारलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. मी नऊ वर्षं वॉर्ड आणि आयसीयू केलं, त्यानंतर गेली अकरा वर्षं याच क्षेत्रात आहे. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

घरच्यांच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण ते किती लागतं हे मी अनुभवलंय. त्यांना बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे बोटॉक्समधल्या औषधाची, हकिगत सांग. हे औषध आधी डोळ्यांच्या आजारांसाठी वापरात आलं. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार, या दोन्हींसाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स अशा पेशंटना इंजेक्शनं देत होत्या. त्यांच्याच एका पेशंटने लक्षात आणून दिलं की इंजेक्शननंतर भुवयांमधल्या आठ्याही जातात. डॉक्टरीणबाईंनी ते मनावर घेतलं, त्वचारोगतज्ज्ञ असलेले पती अ‍ॅलिस्टर यांच्यासोबत त्यावर काम केलं आणि १९९२ मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केलं. आठ्यांसाठी अमेरिकेतली मंजुरी आली ती २००२ मध्ये. आजही पक्षाघातानंतर आखडलेल्या हातासाठी, जुनाट मायग्रेनसाठी, काखेतल्या अतिघामासाठी हेच औषध वापरतात.

माझ्याकडे एक बाई यायच्या. बेल्स पाल्सीनंतर (चेहऱ्याच्या एका बाजूला अचानक येणारा लकवा) त्यांचा चेहरा बराचसा सावरला होता, पण नसा चुकीच्या जुळल्यामुळे घास चावला की एका बाजूचा डोळा मिटायचा. चारचौघांत जेवणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. आमच्या डॉक्टरांनी त्या डोळ्याभोवती थोड्या डोसची योजना केली, इंजेक्शनं मी दिली. दोन आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, “काल सगळ्यांबरोबर पंगतीत बसले.” त्या दिवसापासून ‘सुरकुत्या घालवण्याचं काम’ हे शब्द मला लागत नाहीत.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. सुई कशी धरायची, कुठे टोचायची, हे तू शिकशील. सहा वर्षं शिरा शोधणाऱ्या हाताला ते अवघड नाही. कठीण भाग दोनच आहेत: बिघडतंय हे वेळेत ओळखणं आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणणं. दोन दिवसांच्या कोर्समध्ये हे दोन्ही येत नाही. पहिलं मात्र तू वॉर्डमधून निम्मंअधिक घेऊन येणार आहेस, याची तुला कल्पना नाही असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं.

या कामातलं माझं दुसरं वर्ष होतं. एका तरुण मुलीच्या वरच्या ओठात हायलुरोनिक अ‍ॅसिडचा फिलर (ओठ, गाल भरीव करणारं जेल) देत होते. डावी बाजू होत आली होती. “दुखतंय?” विचारलं, तर म्हणाली, “नाही, नुसतं ताणल्यासारखं वाटतंय.” बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं लिडोकेन मिसळलेलं असतं, त्यामुळे दुखत नाही यावर विसंबता येत नाही. सुई काढताना ओठाच्या वरच्या कातडीवर एक फिकट पट्टा दिसला, नाकपुडीच्या दिशेने गेलेला. बोटाने दाबलं, सोडलं आणि मोजायला लागले. रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. सहापर्यंत मोजलं तरी पांढरंच. ओठाच्या धमनीत फिलर शिरला होता किंवा बाहेरून ती दाबली गेली होती. तिथेच थांबले, डॉक्टरांना हाक मारली, वेळ लिहून ठेवली. फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज दिलं, मसाज, ऊबदार शेक, पुन्हा तपासणी, तासाभराने पुन्हा डोस. साधारण चार तासांनी रंग नीट फिरला. पुढचे काही दिवस मी तिला रोज बोलावून बघत होते. त्वचेला खूण राहिली नाही.

ते बोट दाबणं मला कुठल्या कोर्सने शिकवलं नव्हतं. प्लास्टर घातलेल्या पायाची बोटं दर तासाला दाबून बघायची आणि चार्टवर लिहायचं, ही माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरांनी लावलेली सवय. तू सर्जिकल वॉर्डात त्वचेचे फ्लॅप (रक्तपुरवठ्यासह हलवून बसवलेले कातडीचे तुकडे) सांभाळले असशील. रंग, ऊब, रक्त परत भरायला लागणारा वेळ, तेच सगळं इथे आहे. फक्त जागा चेहऱ्याची आहे आणि पेशंट धडधाकट आहे, त्यामुळे आसपासचं कुणी सावध नसतं. साधा काळानिळा डाग आणि रक्त अडल्यावर कातडीवर उमटणारी जाळीसारखी नक्षी यांतला फरक डोळ्यात बसायला वेळ लागतो. त्यासाठी अनुभवी माणसाच्या शेजारी महिनोन्‌महिने उभं राहावं लागतं.

याहून भीतीदायक गोष्ट आताच सांगून ठेवते. भुवयांच्या मध्ये, नाकावर आणि कपाळावर ज्या धमन्या आहेत त्यांचं नातं थेट डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी आहे. तिथे फिलर धमनीत जोराने ढकलला गेला तर तो उलटा जाऊन डोळ्याची धमनी अडवू शकतो. दीड तासाच्या आत डोळ्याच्या पडद्याची कायमची हानी होऊ शकते, आणि दृष्टी हमखास परत आणेल असा उपाय आजही नाही. हे क्वचित घडतं. पण ज्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी नाकाचा फिलर शिकवतात, तिथे पैसे भरू नकोस. मी चार वर्षं नाकाला हात लावला नव्हता.

बोटॉक्स त्या मानाने सौम्य वाटतं, कारण परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. पण तिथे गणित पक्कं हवं. १०० युनिटची व्हायल अडीच मिली सलाईनमध्ये विरघळवली तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच जागी मिळून २० युनिट, हा छापील डोस. दुसऱ्या कंपनीचं डिस्पोर्ट घेतलंस तर त्याच जागेसाठी ५० युनिट लागतात, कारण दोघांची युनिटं एकमेकांशी जुळत नाहीत. नवीन मुली इथेच चुकतात. हेपरिन आणि इन्सुलिन काढताना दोघींनी मिळून बघायची जी शिस्त आहे, ती इथेही सोडू नकोस. सुई भुवयांच्या हाडाच्या फार जवळ गेली आणि औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं, की पापणी खाली येते आणि काही आठवडे तशीच राहते. ती व्यक्ती रोज आरशात बघून तुला फोन करते. त्या फोनला उत्तर देण्याची ताकदही लागते. मायस्थेनियासारखे स्नायूंचे आजार, गरोदरपण, स्तनपान, चालू असलेली अँटिबायोटिक्स (अमिनोग्लायकोसाइड्स मुद्दाम विचार) ही माहिती फॉर्मवर टिक करून घेऊ नकोस. समोर बसवून विचार. फॉर्मवर लोक सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात.

लेझरबद्दल थोडक्यातच लिहिते. हे यंत्र त्वचेतल्या रंगद्रव्याला तापवतं, आणि सावळ्या त्वचेत ते वरच्या थरातही भरपूर असतं. म्हणून एकच सेटिंग गोऱ्या कातडीला चालतं आणि सावळ्या कातडीवर भाजल्याचे डाग उठवतं. त्वचेच्या रंगाचे फिट्झपॅट्रिकचे सहा प्रकार नुसते पाठ असून भागत नाही. नुकतंच ऊन लागलंय का, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन चालू आहे का, ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड येतात का, केलॉइड (जखमेवर वाढणारे जाड वण) होतात का, हे विचारावंच लागतं. केस काढण्यासाठी गडद त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित. आणि गॉगल त्याच तरंगलांबीचा हवा, खोलीत असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर.

आता ‘नाही’ म्हणण्याचं. वॉर्डात पेशंट आपल्याकडे आजारी म्हणून येतो आणि उपचार डॉक्टर ठरवतात. इथे माणूस स्वतःच ठरवून येतो, फोनमध्ये कुणाचा तरी फोटो घेऊन. बहुतेक जण समंजस असतात. पण काहींना स्वतःच्या चेहऱ्यातला एक न दिसणारा दोष दिवसरात्र छळत असतो. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. सर्वसाधारण लोकांत तो शंभरातल्या दोघांना असतो, पण कॉस्मेटिक क्लिनिकच्या दारात त्याचं प्रमाण बरंच जास्त. अशा माणसाला कितीही फिलर दिलं तरी समाधान होत नाही. उलट त्रास वाढतो. मी विचारते, “दिवसातला किती वेळ या गोष्टीच्या विचारात जातो? यामुळे कुठे जाणं टाळता का?” उत्तर देताना ज्यांचा आवाज बदलतो त्यांना त्या दिवशी सुई लावत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं नाजूक असतं, पण तू वॉर्डमध्ये नातेवाइकांना याहून कठीण गोष्टी सांगितल्या असशील.

मालकाला मात्र हे ‘नाही’ महाग पडतं, आणि सगळा ताण तिथे येतो. माझ्या पहिल्या क्लिनिकमध्ये रुजू झाल्याच्या आठवड्यात मी सवयीने फ्रिज तपासला. हायलुरोनिडेजची मुदत उलटून गेली होती. सांगितल्यावर उत्तर आलं, “ते कधी लागतच नाही.” नवीन येईपर्यंत मी फिलर द्यायला नकार दिला. काही महिन्यांनी दिसलं की एकाच्या व्हायलमधलं उरलेलं बोटॉक्स दुसऱ्यासाठी ठेवलं जातंय, तेही कित्येक दिवस. व्हायलवर एका पेशंटसाठी आणि चोवीस तासांत वापरा असं छापलेलं असताना. मी राजीनामा दिला. तेव्हा घरात पैशांची गरज होती, निर्णय सोपा नव्हता. पण नोंदणी माझ्या नावावर आहे, क्लिनिकच्या नाही. काही घडलं तर नर्सिंग कौन्सिलपुढे उभं मला राहायचंय.

म्हणून कायद्याची बाजू पहिल्याच दिवशी समजून घे. बोट्युलिनम टॉक्सिन हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, फिलर मात्र बऱ्याच देशांत वैद्यकीय उपकरण म्हणून मोजला जातो, त्यामुळे दोघांचे नियम वेगळे निघतात. नर्सने काय द्यायचं, कुणाच्या लेखी सूचनेवर, डॉक्टर इमारतीत हवेत की फोनवर चालतात, हे देशागणिक बदलतं. इंग्लंडने २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी दोन्ही द्यायला बंदी घातली. तुझ्या नर्सिंग कौन्सिलला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. स्वतःचा विमा काढताना पॉलिसीत ‘एस्थेटिक प्रोसिजर्स’ हे शब्द आहेत का बघ. हॉस्पिटलच्या नेहमीच्या विम्यात हे काम बहुधा बसत नाही.

नाइट ड्युटी सुटेल, हे खरं. पण लोक कामावरून सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी येतात, तेव्हा संध्याकाळ आणि शनिवार-रविवार तुझे राहणार नाहीत. वॉर्डात जोडीला पाच जणी असतात, हँडओव्हर असतो, रडू आलं तर पॅन्ट्रीत जायला मैत्रीण असते. इथे खोलीत तू एकटी. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त तेच खटकलं. तू फक्त दमलीयेस म्हणून निघत असशील, तर आधी मोठी रजा घे किंवा ओपीडीला बदली मागून बघ. चेहऱ्याच्या रचनेत, त्वचेत, माणसांशी निवांत बोलण्यात तुला खरंच गोडी वाटत असेल तर ये. चांगल्या नर्सची इथे फार गरज आहे.

त्या क्लिनिकला लगेच हो म्हणू नकोस. आधी दोन-तीन दिवस बसून बघू द्या असं सांग, आणि नकार मिळाला तर तिथेच विषय संपव. बसायला मिळालं तर हायलुरोनिडेज, अ‍ॅड्रेनालिन आणि ऑक्सिजन कुठे आहे ते स्वतः उघडून बघ, तारखा वाच. शेवटचं कॉम्प्लिकेशन कधी झालं आणि काय केलं, हे विचार. ‘आमच्याकडे कधी झालंच नाही’ म्हणणारा एकतर फार थोडं काम करतो, नाहीतर लपवतो. पहिल्या किती पेशंटच्या वेळी अनुभवी माणूस खोलीत असेल, हे करारात लिहून माग. पगार विक्रीच्या टार्गेटवर असेल तर मी जाणार नाही. तसा करार पेशंटला ‘नाही’ म्हणू देत नाही. दोन दिवसांचा कोर्स तोंडओळखीला ठीक आहे, पण त्याआधी शवविच्छेदनावर आधारित चेहऱ्याच्या शरीररचनेचं एखादं सत्र मिळालं तर ते कर. ओठाची ती धमनी कुठल्या थरात असते हे एकदा डोळ्यांनी बघितलं की हात आपोआप जपून चालतो.

परत जाता येईल का, हेही विचारलंस. येईल, दोर कापला नाहीस तर. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नकोस, आणि पहिलं वर्ष जमलं तर महिन्यातून एक-दोन शिफ्ट वॉर्डला कर. मी दीड वर्ष आयसीयूत रविवारची शिफ्ट करत होते. त्या ओठाच्या प्रसंगी हात थरथरला नाही तो त्यामुळेच.

क्लिनिकमध्ये जाऊन आलीस की फ्रिजमध्ये काय दिसलं आणि कराराच्या कुठल्या अटी आहेत ते इथे लिही. सही त्यानंतर कर.