नळी आखूड केली, तर परवाना कोणता?

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक रीतसर माझ्या परवान्यावर आली. शेताच्या राखणीसाठी ती लागते. नळ्या 30 इंचांच्या आहेत, पण तोंडाकडचा भाग गंजून खराब झाला आहे. ओळखीचा एक कारागीर तेवढा चार इंचांचा तुकडा कापून देतो म्हणतो. नळी 20 इंचांहून लांब राहिली की कायद्याची हरकत नसते, असेही तो सांगतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : कारागिराने सांगितलेला आकडा खरा आहे, पण त्यावरून त्याने काढलेला अर्थ चुकीचा आहे, आणि ही चूक त्याच्याइतकीच तुम्हालाही महागात पडेल.

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये 20 इंचांचा उल्लेख आहे तो कलम 13 मध्ये. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची, तुमच्या बारा बोअरसारखी छर्‍याची बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक, यांच्या परवान्याबाबत त्या कलमात नागरिकाला तुलनेने अनुकूल तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी ठरणार नाही, अशी परवाना देणार्‍या अधिकार्‍याची खात्री पटली, तर राखणीसाठीही छर्‍याची दुसरी बंदूक मंजूर करता येते. नळी 20 इंचांहून आखूड झाली की मात्र तीच बंदूक 2016 च्या शस्त्र नियमांतील पहिल्या, म्हणजे निर्बंध असलेल्या गटात जाते. त्या गटातील शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो अधिकार केंद्र सरकारचा आहे. थोडक्यात, बंदूक आणि क्रमांक तेच राहिले तरी खिशातला परवाना त्या बंदुकीचा राहत नाही.

परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर कलम 6 मध्ये आहे. त्यासाठीचा स्वतंत्र परवाना असल्याशिवाय कोणीही बंदुकीची नळी आखूड करू नये, असे ते कलम सांगते. कापल्यावर किती इंच उरले, हा प्रश्न तेथे येतच नाही; म्हणून 30 च्या 26 इंच करणे हेसुद्धा या बंदीत मोडते. नकली बंदूक खरी करणे पूर्वीपासूनच याच कलमात होते. 2019 च्या दुरुस्तीने शस्त्र एका गटातून दुसर्‍या गटात जाईल असा बदल करणेही त्यात आले. शिक्षा कलम 25 प्रमाणे किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप, शिवाय दंड. ‘चार इंचांनी काय होते’ असे म्हणणार्‍याने ही शिक्षा एकदा वाचावी.

दुरुस्ती आणि फेरफार यांत फरक आहे. घोडा अडतो, दस्त्याला तडा जातो, ही दुरुस्ती, आणि तीही त्यासाठीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी. ‘ओळखीचा’ हे पुरेसे नाही. त्याच्या परवान्याची मुदत आणि त्यात मंजूर असलेली कामे स्वतः पाहावीत. बंदुकीवरचा क्रमांक घासला जाणार नाही, याकडेही लक्ष द्यावे. क्रमांक पुसणे किंवा बदलणे हा कलम 8 चा वेगळा विषय आहे. रानडुकराबाबतही एक सांगायला हवे : बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, त्यासाठी वनखात्याचे नियम निराळे आहेत.

प्रश्न : छर्‍याच्या एअरगनला परवाना लागत नाही. मग तिची ताकद वाढवून घेतली तर?
— एक वाचक, सातारा

उत्तर : परवाना लागत नाही, हे सरसकट खरे नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 0.177 इंचांपर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनलाच ही सूट आहे. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली की ती परवान्याची वस्तू होते, आणि दुकानाची जुनी पावती मग बचावाला येत नाही. त्यामुळे ताकद वाढवण्याच्या फंदात पडू नये. विकत घेतानाच अशी एअरगन हाती आली असेल, तर ती वापरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत, किंवा पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तालयात, लेखी विचारणा करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. सिंधुदुर्गच्या वाचकांनीही गंजलेल्या नळीसाठी हेच करावे, आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत त्या नळीने बार काढू नये.